परजिल्ह्यातलं माहेर

श्री. माणिकप्पा पाव्हणे यांस विरूपाक्षाचा शरणार्थ. सिद्धम्मावहिनींचा गुडघा आणि तुमचा तांबडा बैल, दोघांची खुशाली कळवावी. इकडे सगळे ठणठणीत आहोत, विहीरही ठणठणीत आहे.

कळवण्याचं कारण म्हणजे, उदगीरचा नवा जिल्हा होणार आणि आमचं गाव नांदेडातून काढून त्यात घालणार, अशी हूल उठली. दुष्काळामुळे शेतात काम नव्हतं, म्हणून गावाने तट पाडायचं काम मन लावून केलं. पाव्हणे, मी थक्क झालो. नवेवाले मारुतीच्या पारावर, जुनेवाले महादेवाच्या ओट्यावर. (देवांना कुणी विचारलं नाही.) ओट्यावरच्यांनी नांदेडात वशिला लावून टँकर आपल्याच गल्लीला ठरवलाय, हे आम्हाला पारावर पक्कं कळलं होतं. ओट्यावर आमच्याबद्दल हेच कळलं होतं, फक्त उदगीरचं नाव घालून. शेजारचा मलप्पा ओट्यावर गेला, म्हणून मी त्याच्याबरोबर तंबाखू खाणं सोडलं. (तंबाखू त्याचीच असायची, ही अडचण नंतर लक्षात आली.)

घरातही तेच. मी नव्याचा, तुमची बहीण जुन्याची. कचेरी किती जवळ येईल ते मी तिला आवाज चढवून समजावलं, तर वरणात मीठ पडलं नाही. आणखी मोठ्याने समजावलं, तर वरणच झालं नाही.

आमच्या गल्लीतल्या बाया सगळ्या नव्याच्या. भरलेली घागर डोक्यावर घ्यायला दुसरीने हात लावावा लागतो, आणि बोअरवर तुमच्या बहिणीच्या, कमलम्माच्या घागरीला कुणी हात लावेना. शेवटी मी गेलो. (पार चुकवून, मागच्या वाटेने.) घागर उचलताना दोघांची तोंडं वीतभर अंतरावर येतात, तिथे ओरडता येत नाही. म्हणून हळूच विचारलं, "का गं, नांदेडातच का ऱ्हायचंय तुला?"

"गाव उदगीरात गेलं तर माझं म्हायार परजिल्ह्यात पडंल की," ती म्हणाली. "आत्ताच कोण येऊन ऱ्हायलंय न्यायला?"

अर्धी घागर माझ्या अंगावर सांडली. एवढे दिवस मी जिल्ह्याचं बोलत होतो आणि ती माहेराचं. मला फार वाईट वाटलं.

तसाच मलप्पाकडे गेलो आणि त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "नांदेडचा डॉक्टर माझा दमा वळखतो बाबा. उदगीरला पुन्ना पहिल्यापासून कोण सांगावं?" मग मीही कबूल केलं की नांदेडच्या एसटीत मला मळमळतं. एवढ्यासाठी आम्ही बोलणं टाकलं होतं. मतं दोघांचीही बदलली नाहीत, तंबाखू मात्र सुरू झाली. आता पारावर कुणी गरजायला लागला की मी त्याला बाजूला घेऊन नुसतं 'का' विचारतो. बोअरवरही बाया एकमेकींच्या घागरींना हात लावायला लागल्या आहेत.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. पंचमीला मुराळी म्हणून तुम्ही स्वतः या आणि बहिणीला घेऊन जा. दुष्काळ आहे म्हणून गेली दोन सालं तुम्ही संकोचलात, हे मला समजतं, तिला समजत नाही. पुरणपोळी नसेल तर भाकरी द्या.

ता. ता. क. माझं मत अजून उदगीरच आहे, पण कमलम्माला कळू देऊ नका.

अण्णा, पाकीट मीच चिकटवून ऱ्हायले, सगळं वाचलंय. ह्या पंचमीला आला न्हाईस, तर मी बी उदगीरवाली व्हईन. — कमल