रविंद्र स्पेशल शेवभाजी

६ जानेवारी, सकाळ

वृषाली धुळ्याला गेली. बँकेने प्रमोशन दिलं आणि शाखाही धुळ्याची दिली. तिचं म्हणणं, आमच्या संस्थेचं धुळ्यालाही कॉलेज आहे, तर मी ऑफिसात अर्ज करून तिकडे बदली मागावी. माझं म्हणणं, का म्हणून? जळगावात वाढलो, मेहरूणला फ्लॅट आहे, आणि बायको गावाला गेली म्हणून माणूस उपाशी मरत नाही. शहरभर हॉटेलं आहेत, मोबाईलमध्ये रेसिप्या आहेत. ती म्हणाली, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, धड खाऊन-पिऊन राहून दाखवा, मी बदलीचं नाव काढणार नाही. दाखवतो.

जाताना एकच सूचना. ओट्याखाली सासूबाईंच्या काळ्या मसाल्याची बरणी आहे. भाजीला दोन चमचे, चमचा कोरडा, झाकण घट्ट. तिच्या माहेरी शिंदखेड्याला आखाजीच्या सुमारास नवा मसाला होतो, तोवर पुरवायचा. तू थोडा नेत नाहीस का, असं विचारलं. म्हणाली, मी मेसवर जेवणार, तुम्हाला लागेल. मसाल्याचं एवढं स्तोम मला पटत नाही. चव करणाऱ्याच्या हातात असते.

७ जानेवारी

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'स्वस्त आणि मस्त जळगाव'. ॲडमिन मी. उद्देश: कमी पैशात उत्तम जेवण कुठे मिळतं याचा निर्भीड शोध, शिवाय एकट्या माणसासाठी पाककृती. ऑफिसातले सहा जण घेतले. संध्याकाळपर्यंत दोघं बाहेर पडले. निर्भीडपणा सगळ्यांना झेपत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज भरीत. युट्यूबवाली बाई फार बोलते, म्हणून आवाज बंद करून पाहिलं. बामणोदचं मोठं हिरवं वांगं आणलं, गॅसवर ठेवलं आणि ग्रुपवर फोटो टाकायला बाहेरच्या खोलीत आलो. तेवढ्यात स्फोट झाला. वांग्याचा गर टाइल्सवर, पंख्यावर आणि गणपतीच्या कॅलेंडरवर. वांग्यात दोष होता.

वास येऊन शेजारच्या सुनंदाबाई आल्या. त्यांनी विचारलं, भाजण्याआधी वांग्याला टोचे मारले होते का. मी म्हटलं, ही जुनी पद्धत आहे. त्या गेल्या आणि थोड्या वेळाने वाटीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी पाठवल्या. बरं होतं. तिखट थोडं जास्त, असा अभिप्राय रिकाम्या वाटीबरोबर कळवला.

१६ जानेवारी

हॉटेलांचा अभ्यास सुरू. बसस्टँडजवळच्या हॉटेलात एक शेवभाजी घेतली की रस्सा पुन्हा मागता येतो, वेगळे पैसे नाहीत. ही आपल्या खान्देशची मोठी सोय आहे, लोक तिचा पुरेसा लाभ घेत नाहीत. मी पाच वेळा मागितला. सहाव्यांदा मालक स्वतः पातेलं घेऊन आला आणि घरी नेणार का असं विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच होती. मी हो म्हणालो. डबा नव्हता म्हणून राहिलं.

ग्रुपवर लिहिलं: चव बरी, सेवेत आपुलकीचा अभाव.

१९ जानेवारी, रविवार

वरण-बट्टी. वरण जमलं असतं, पण कुकरची शिट्टी मोजताना जितेंद्रचा फोन आला. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि प्रत्येक गोष्ट लांबवून सांगतो. तळ करपला. बट्ट्या मात्र छान टिकाऊ झाल्या. भरिताची परतफेड म्हणून चार सुनंदाबाईंना दिल्या. दुपारी त्यांच्याकडून वरवंट्याचे आवाज येत होते. आता भाकरी पाठवत जाईन, तुम्ही त्रास घेऊ नका, असा त्यांचा निरोप आला. कुठलाही त्रास नव्हता.

२३ जानेवारी

घरी केलेली भाजी कशीही झाली तरी दोन चमचे मसाला घातला की खाल्ली जाते, असं निरीक्षण आहे. चार चमचे घातले तर आणखी खाल्ली जाते. कारण अर्थात माझा अंदाज आता बसायला लागला आहे.

संध्याकाळी नवीन जागा. मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला अमृतभाऊंचं शेवभाजीचं छोटं हॉटेल. पाच टेबलं, त्यातली चार रिकामी. मी स्पष्ट सांगितलं, भाऊ, तुमचा मसाला दुकानातल्या पुड्यातला आहे, त्याला जीव नाही. भाऊ शांत माणूस. म्हणाले, पुड्यातलाच आहे, तुमच्याकडे चांगला असेल तर आणा, आपण करून पाहू.

हा सरळ सरळ सल्लागार म्हणून बोलावण्याचा प्रकार आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून डबीभर मसाला घेऊन अमृतभाऊंकडे गेलो. भट्टीशेजारी उभं राहून सूचना दिल्या: कांदा आणखी परता, खोबरं आणखी भाजा, आच कमी, आच जास्त. भाऊ हो हो म्हणत त्यांना करायचं तसंच करत होते. पण भाजी झाली ती अशी की मी तीन भाकरी खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला म्हणाला, आज भाजी घरच्यासारखी लागते. मी त्याला माझी ओळख करून दिली.

ठरलं असं की मी मसाला आणि मार्गदर्शन द्यायचं, भाऊंनी मला दोन्ही वेळ जेवू घालायचं. स्वस्त जेवणाचा यापुढे शोध तो काय घ्यायचा?

९ फेब्रुवारी, रविवार

एसटीने धुळ्याला जाऊन आलो. वृषाली देवपुरात खोली घेऊन राहते, मेस जवळच. तिथेच जेवलो. डाळ पातळ, भाजी कशाची ते विचारावं लागलं. ती कांदा आणि मीठ तोंडी लावून जेवत होती. बारीक झाली आहे. मी सांगितलं, धुळ्याला खाण्याची संस्कृतीच नाही, म्हणून मी येत नाही. ती म्हणाली, धुळ्यात चांगलं मिळतं, मला शोधत फिरायला वेळ नाही.

मसाला पुरतोय का, तिने विचारलं. भरपूर आहे, म्हटलं. तर मग पुढच्या वेळी डबीभर आणा, खोलीवर वरण केलं तर त्यात घालीन, आईच्या हातची चव जिभेवर नाही कधीची. आणतो म्हटलं.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत उगाच वाईट वाटत होतं. मेसचं तेल असणार.

२१ फेब्रुवारी

अमृतभाऊंकडे जागा मिळत नाही. लोक बाहेर बाकावर थांबतात. जितेंद्र घरच्यांना घेऊन आला, त्याच्या आईने रश्शाची वाटी तोंडाला लावली. मी सगळ्यांना सांगितलं की एका माणसाच्या नजरेने हॉटेल कसं बदलतं. जितेंद्रने विचारलं, मसाला कुठला? मी म्हटलं, मसाला दुय्यम आहे.

डबीने भागत नाही. सध्या स्टीलचा डबा नेतो.

३ मार्च

पाटीचा विषय काढला. हॉटेलला नावच नाही, नुसतं 'शेवभाजी मिळेल' असं लिहिलं आहे. मी सुचवलं, 'रविंद्र स्पेशल शेवभाजी'. पिवळ्यावर लाल अक्षरं. भाऊ म्हणाले, बघू. खान्देशात बघू म्हणजे जवळजवळ होच.

परवा शनिवारी धुळ्याला जायचं होतं, पण शनिवार-रविवारच गर्दी असते. वृषालीला फोनवर सांगितलं. डबी भरून ठेवली होती, ती शनिवारी कमी पडल्यामुळे हॉटेलात गेली. पुढच्या वेळी नक्की.

१४ मार्च, धुळवड

आज तर कहर. मटणाची ऑर्डर. डबा घेऊन दोन खेपा करण्यापेक्षा बरणीच उचलून नेली. भाऊंनी ती फडताळात देवाच्या तसबिरीखाली ठेवली. माझ्या कामाचा हा मान आहे.

जेवताना अचानक वाटलं, वृषाली आत भाकऱ्या थापते आहे आणि आता हाक मारेल. तिथे घरच्यासारखं का वाटतं कळत नाही. माझ्या ट्रेनिंगचा परिणाम असावा.

२५ मार्च

भाऊंनी बरणी परत दिली. रिकामी, घासून, पुसून. म्हणाले, आणखी आणा. मी म्हटलं, बघू.

आता शांतपणे विचार. मसाला संपला म्हणजे काय संपलं? दगडफूल, धने, खोबरं, मिरची. बाजारात सगळं मिळतं. दाणाबाजारातून आणलं, तव्यावर भाजलं, मिक्सरमध्ये फिरवलं. रंग आला. वासही आला, पण कसला ते ओळखू येईना. भाऊंनी बोटाने चाटून पाहिला आणि गिऱ्हाईकाकडे गेले ते परत आलेच नाहीत. ते घाईत होते.

३० मार्च, गुढीपाडवा

वृषाली न कळवता आली. गुढी मी उभारली नव्हती, तिने उभारली. घर बघितलं, पंख्यावर वाळलेलं वांगं बघितलं, हसली. मी म्हटलं, आज स्वयंपाक नको, चल, तुला माझं काम दाखवतो.

अमृतभाऊंच्या डब्यात तळाशी जुना मसाला थोडा उरला होता. वहिनी आल्या म्हणून त्यांनी तो सगळा घालून स्वतः भाजी केली. मी तिला सांगत होतो की रस्सा कसा सुधारला, पाटी कशी होणार, सल्लागाराचं काम किती जोखमीचं असतं. तिने पहिला घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. मग भाकरी ताटात ठेवली.

"हा माझ्या आईचा मसाला आहे."

मी म्हटलं, मसाला कोणाचाही असो, करणाऱ्याचा हात... ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. तिखट होतं का, असं भाऊंनी विचारलं. नाही म्हणाली, आणि पूर्ण ताट जेवली. तीनदा रस्सा मागितला. इतकी भूक लागलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन तिने बरणी काढली. झाकण उघडून वास घेत बराच वेळ उभी राहिली. बरणी घासून-पुसून ठेवली आहे, हे तिला सांगितलं. तेवढ्यासाठी तरी शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

भांडली नाही. इतकंच म्हणाली, "मी तुमच्यासाठी ठेवून गेले होते." दुपारच्या एसटीने परत गेली.

माझी बाजू स्पष्ट आहे. बरणी माझ्यासाठी होती, मग ती मी कशी वापरायची हा माझा प्रश्न. मुद्दा बिनतोड आहे. संध्याकाळी भाकरीवर तेल-तिखट घेतलं, अर्धी राहिली.

८ एप्रिल

अमृतभाऊंनी पाडव्याला हात धुताना वृषालीकडून सासूबाईंचा नंबर घेतला होता. मला बायपास करून. त्यांनी शिंदखेड्याला फोन केला आणि हॉटेलसाठी वर्षाच्या मसाल्याची ऑर्डर दिली. सासूबाई तयार झाल्या. गल्लीतल्या दोन बाया मदतीला घेणार आहेत. मी भाऊंना विचारलं, मग माझं काय? ते म्हणाले, या ना जेवायला, तुमचंच हॉटेल आहे. जेवलो तर बिल लावलं.

ग्रुपवर लिहिलं: दर्जा घसरला. जितेंद्रचा अंगठा आला. तो कशाला होता ते स्पष्ट नाही.

१९ एप्रिल

हॉटेलला पाटी लागली. पिवळ्यावर लाल अक्षरं. 'झुंबरअक्काच्या मसाल्याची शेवभाजी'. झुंबरअक्का म्हणजे आमच्या सासूबाई. रंगांची निवड माझी आहे, हे नोंदवून ठेवतो.

३० एप्रिल, आखाजी, शिंदखेडा

सासूबाईंनी निरोप धाडला होता, जवाईंना घेऊन ये. आखाजीला लेकी माहेरी येतात. जावयाला पुरणपोळी, आंब्याचा रस, मान असतो. इस्त्रीचा शर्ट घालून आलो.

अंगणात पोत्यांनी मिरच्या. कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधला आहे, त्यावर वृषाली आणि गल्लीतल्या आलेल्या लेकी. गाणी चालली आहेत. मी सासूबाईंच्या पाया पडलो. त्यांनी मला नीट बघितलं, तब्येत चांगली झाली म्हणाल्या. मी म्हटलं, नियोजन असतं.

मग त्या म्हणाल्या, "जेवनात ना चार महिना पोटभर? मंग आते बठा, देठ तोडा."

बसलो. एक पोतं झालं, दुसरं चालू आहे. सल्लागाराला कच्च्या मालाची माहिती हवीच. एकदा चुकून डोळ्याला हात लागला. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत असतानाच वृषाली झोक्यावरून उतरून आली, तांब्याभर गार पाणी घेऊन. डोळे धुऊन दिले. विचारलं, जास्त झोंबतं का. मी म्हटलं, मिरचीने कोण रडतं. ती तिथेच खाली बसली आणि माझ्या पोत्यातल्या मिरच्या तोडायला लागली. धुळ्याची मेस सोडली म्हणाली, खोलीवर गॅस घेतला आहे. मी चार महिने एकट्याने काढून दाखवले, हे मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली. दोघांनी मिळून पोतं अर्ध्यावर आणलं. मग मीच म्हणालो की जळगावात एकट्याला फार कंटाळा येतो. का म्हणालो कुणास ठाऊक. उन्हामुळे असेल.

संध्याकाळी ठरलं: मोठे डबे अमृतभाऊंना, घरची बरणी यंदा धुळ्याला. मला कोणी विचारलं नाही.

परवा ऑफिस उघडलं की बदलीचा अर्ज देतो. कोणाच्या दबावाखाली नाही. धुळ्यातल्या लोकांना खाण्याबाबत मार्गदर्शनाची फार गरज आहे, हे मी फेब्रुवारीतच ओळखलं होतं. एसटीत बरणी मांडीवर धरून बसायचं काम माझ्याकडे आहे. चमचा वृषालीच्या पर्समध्ये आहे.