कपाटाच्या दोन्ही किल्ल्या मुलाकडेच का दिल्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बुकबाइंडिंग, शिक्षण चौथीपर्यंत आणि पुढचे हाताखालून गेलेल्या पुस्तकांतून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची गरज नाही असे वकील म्हणाले. ज्याची गरज नाही असे वकील म्हणतात, ते मी आधी करून ठेवतो.

गेल्या वर्षीचे माझे मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे. त्यात पुस्तकांचे कपाट मी लेकीच्या नावे केले होते आणि "माझ्या मुलाने त्याला हात लावू नये" असे लिहिले होते. ते वाक्य मी मागे घेत आहे. कारण कलम चारमध्ये.

१. घराच्या दोन खोल्या आणि पुढचे दुकान मुलाला व लेकीला निम्मे निम्मे. लेक म्हणेल, "मला काही नको." तिच्यावर विश्वास ठेवू नये. लहानपणापासून ती ताटातला शेवटचा तुकडा नको म्हणते आणि मग त्याच्याकडे बघत बसते.

२. बँकेत जे उरेल ते सुनेला. तिच्यावर मी वर्षभर विनाकारण नजर ठेवली, तिची थोडी भरपाई.

३. कापायचे यंत्र, प्रेस, दाभणे आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी माझ्याकडे सव्वीस वर्षे पुस्तके शिवणाऱ्या बाईंना. धाकट्या भावाने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती मुळात त्याचीच होती असे तो चारचौघांत म्हणू लागला, तर त्याला तिसरी पायरी उलटून बघायला सांगावे. तिथे मी खूण केली आहे.

४. कपाट. यातली दोनशेच्या वर पुस्तके माझ्या नातीसाठी, मुलाच्या मुलीसाठी आहेत. ती नऊ वर्षांची आहे, घरात तिला चौकशी म्हणतात. डोके असे की मोठ्यांची पुस्तके दोन दिवसांत फस्त करते आणि जीव असा की एका वाक्याने जेवण टाकून उठते. आधी शेवटचे पान वाचून कोण कोण उरले ते बघते. ज्याची भीती वाटली ते पुस्तक मला प्रेसमध्ये घालून आवळायला लावते. एकदा शाळेची वेळ झाली तरी उठेना.

मी म्हटले, "अगं, खूण घाल आणि पळ."

"होडीतली माणसं वादळात आहेत, आजोबा. त्यांना तसंच सोडून मी दिवसभर गणितं करू?"

शेवटी आम्ही चार पाने पुढे गेलो. सगळे किनाऱ्याला लागून अंग पुसत बसले होते, तिथे फीत घातली. तेव्हा कुठे तिने दप्तर उचलले.

गेल्या वर्षी तिची झोप उडाली. सून मुलाला म्हणताना मी ऐकले, "थोडे दिवस पुस्तकं बंद करूया का?" मुलाचे उत्तर ऐकू आले नाही. आठवड्याभरात पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीचे बारीक आकडे दिसू लागले. १२८, बरोबरची खूण. ९६, बरोबरची खूण. मी ओळखले, हा यादी करतोय, पोरीची पुस्तके रद्दीत जाणार. माझा मुलगा दुकानादुकानांतले वजनकाटे तपासतो आणि स्वतः एक पुस्तक वाचत नाही. अशा माणसाचा काय भरवसा? मी कपाटाची किल्ली गळ्यात बांधली आणि वकिलाकडे गेलो. तरीही आकडे वाढतच होते. म्हणजे दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.

एका रविवारी दुपारी तो दुकानात पाठमोरा बसलेला सापडला. बोट ओले करून पाने मोजत होता.

"रद्दीवाल्याला किती सांगितलीस?"

"कसली रद्दी, अण्णा? पानं पुरी आहेत का बघतोय."

"माझ्या पुस्तकांत?"

"तुमच्याच. चौकशी रोज विचारते, बाबा, पुस्तक पूर्ण आहे ना? मोजल्याशिवाय कुठल्या तोंडाने हो म्हणू?"

इथे मला माझी एक चूक सांगणे भाग आहे. हा नऊ वर्षांचा असताना तिच्यासारखाच होता. एका म्हाताऱ्या घोड्याच्या पुस्तकावर त्याचा फार जीव. घोडा पुढे नदीत बुडतो हे मला ठाऊक होते. म्हणून नवी बांधणी करताना मी तो सोळा पानांचा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेला गठ्ठा, काढून टाकला आणि कळू नये म्हणून सगळ्या पानांचे आकडे ब्लेडने खरवडले. काम इतके सफाईदार की मलाच कौतुक वाटले. "घोडा कुठे गेला?" त्याने विचारले. "चरायला गेला असेल," मी म्हटले. आठवड्याने तो शाळेतून आला आणि एवढेच बोलला, "बाकीच्या पुस्तकांतूनही काढलीत का?" त्यानंतर त्याने वाचायला गोष्टीचे पुस्तक उघडले नाही.

त्या रविवारी त्याने माझ्या टेबलावरचे एक पुस्तक उचलले. चौकशीसाठी मी ते नव्याने बांधत होतो. त्यातली थोरली बहीण घरी परत येत नाही. तेवढ्याच फॉर्म्याचा दोरा मी सकाळी कापून ठेवला होता.

"अण्णा, पुन्हा?"

मी सुईत दोरा ओवला. त्याने फॉर्मा धरला, मी शिवला. शिवून झाल्यावर त्याने सगळी पाने मोजली. मी मोजू दिली.

चौकशीने ते वाचले तेव्हा तो शेजारी एक बिघडलेला काटा उघडून बसला होता. दोन तासांत त्याने एकच स्क्रू काढला आणि तोच बसवला. ती रडली, बापाची बाही भिजवली, नाक पुसले आणि म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून."

सबब कपाट, पुस्तके आणि दोन्ही किल्ल्या चौकशी अठरा वर्षांची होईपर्यंत मुलाच्या ताब्यात राहतील. कुणी कितीही मायेने म्हटले तरी एकही पान काढू नये. मायेने म्हणणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवावे. तिला वाचायचे नसेल तर मागे लागू नये.

५. त्या सोळा पानांबद्दल मी मुलाची माफी मागतो. मृत्युपत्रात माफी मागितली की उत्तर ऐकावे लागत नाही, ही पळवाट मला कळते. म्हणून सही करण्याआधी हे कलम त्याला वाचून दाखवले.

त्याने कागदावरच्या 'सोळा' या शब्दावर बोट ठेवले. मग म्हणाला, "घोडा बुडाला हे मला वर्गातल्या पोरांनी हसत हसत सांगितलं, अण्णा. तुम्ही सांगायला हवं होतं."

मी म्हटले, "हो."

"करा सही," तो म्हणाला.

करतो.

सही: लिहून ठेवणार, बुकबाइंडर

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका (सही)
दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच निवडले. आम्ही सर्वांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

ठिकाण: राहत्या घराचे पुढचे दुकान, खिडकीजवळचे टेबल
तारीख: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार