जेरेचे बूट

१४ मे, कापिरी

पुन्हा ट्रकचा क्लच! मालकाला, मुसेंगा म्हाताऱ्याला, फोन केला तर म्हणतो, "जरा जपून चालव रे कबासो, ती माझ्या लग्नाच्या वेळची आहे." जपून काय चालव! चढ आला की गाडी मला नेतेय की मी गाडीला, कळत नाही. दिवसभर गॅरेजसमोर शेंगदाणे फोडत बसलो. मागचा पगार अजून नाही. "येईल रे, येईल." येईल कुठून, आभाळातून?

बायकोचा, एस्नातचा फोन. पाय परत सुजलेत. जिना चढताना तीनदा बसावं लागतं म्हणाली. किट्वेचा डॉक्टर म्हणतो, हृदयाची झडप गळते, लुसाकाला मोठ्या इस्पितळात दाखवा. दाखवा म्हणायला त्याचं काय जातं!

१६ मे

निघालो एकदाचा. तांब्याचे पत्रे दार-एस-सलामला.

१९ मे, नाकोंडे

टांझानियाच्या सरहद्दीवर ही लाइन! पुढचं टोक दिसत नाही, मागचंही नाही. मधेच एक पिवळी गाडी, नवी कोरी, आणि तिच्या पायरीवर जेरे, पाय पसरून बसलेला. मला पाहिल्याबरोबर ओरडला, "अरे माकडखाऊ! मुसेंगाची खटारी अजून मेली नाही? की तिच्याआधी तूच मरणार?"

"उंदीरखाऊ," मी म्हटलं, "खिशातली शेपटी आत ढकल आधी."

मागच्या गाडीतला झिम्बाब्वेचा ड्रायव्हर घाबरला बिचारा. त्याला वाटलं आता मारामारी होणार. त्याला समजावलं — हा न्गोनी जमातीचा, मी बेम्बा. आमचे बापजादे एकमेकांशी लढले, मग लढाई संपली आणि चेष्टा तेवढी उरली. एकमेकांना काहीही बोलायचं, रागवायचं मात्र नाही. आणि एक मेला की दुसऱ्याने मयताला जायचंच. जाऊन पेटीवर बसायचं, मेलेल्याची एखादी वस्तू हिसकायची, मोबदला दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून अडून बसायचं, रडणाऱ्यांना हसवायचं. कोणी हसवलं नाही तर माणूस नुसता रडण्यावर जातो. ते बरं नाही.

"तू मेलास की याने हसवायचं?" झिम्बाब्वेवाला म्हणाला.

"हा कसला हसवतो!" जेरे म्हणाला. "पण माझे बूट याला हवेत. डोळा आहे त्याचा." बूट चांगले आहेत खरे. तपकिरी, जाड तळव्याचे. रोज पुसतो, नवरदेवासारखे.

२० मे

लाइन हलली नाही. जेरेच्या गाडीच्या पायरीशी शेगडी पेटवून मक्याच्या पिठाचा न्शिमा केला, सुकी मासळी परतली, चार ड्रायव्हर गोळा झाले आणि नेहमीचा विषय — कोणता मालक बरा.

जेरेच्या पिवळ्या गाड्यांच्या कंपनीची बाजू: गाड्या नव्या, पगार ठरल्या तारखेला, आणि कार्ड. कार्डावर ड्रायव्हर, बायको, पोरं, सगळ्यांचं औषधपाणी, ऑपरेशनसुद्धा! दुसरी बाजू: केबिनमध्ये कॅमेरा. जांभई दिली तरी किटकिट वाजतो. आणि भरलेली गाडी सोडून गेलास की संपलं — नोकरी गेली, कार्डही त्याच दिवशी बंद. कारण काहीही असो.

"कोणी मेलं तरी?" मी विचारलं.

"फोनवर पुरायचं," जेरे म्हणाला. सगळे हसले.

मुसेंगाची बाजू मीच मांडली. आई गेली तेव्हा मी म्कुशीला होतो. म्हाताऱ्याने दुसरा ड्रायव्हर पाठवून गाडी ताब्यात घेतली, आणि मातीच्या दिवशी स्वतः हजर. पिठाची गोणी खांद्यावर! मालकाच्या खांद्यावर गोणी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"म्हणजे मेल्यावर मुसेंगा बरा आणि जगायला पिवळी," झिम्बाब्वेवाला म्हणाला. जो तो आपली थाळी घेऊन उठला. मासळी करपली ती वेगळीच.

२१ मे

जेरेला बाजूला घेतलं. म्हटलं, चेष्टा पुरे, खरं सांग. वर्षापूर्वी तूही मुसेंगाकडेच होतास. मी येऊ का पिवळीत?

"ये की. तुझ्यासारखी माकडं त्यांना झाडावरून माल उतरवायला हवीच आहेत."

"जेरे, एस्नातचं हृदय खराब झालंय."

डावा हात चोळत बसला. मग म्हणाला, "तो कॅमेरा माहीत आहे? मी झोपलो की वाजतो. मी मेलो तर वाजेल का, एवढं विचारून घे त्यांना." आणि हसला!

याच्याकडून सरळ उत्तर मिळायचं नाही. चूक माझीच, न्गोन्याला विचारायला गेलो.

८ जून, किट्वे

एस्नातसमोर विषय काढला. ती शेंगदाण्याचं कूट घालून भाजी ढवळत होती, बसून. उभं राहवत नाही.

"कार्ड मिळेल," मी म्हटलं. "ऑपरेशन होईल."

"आणि तुम्ही?"

"मी काय, मी गाडीवर. आताही गाडीवरच असतो."

"आता बोलावलं की येता," म्हणाली. मग भाजीकडे बघत, "जा, बुपेचे बाबा. मला अजून जगायचंय. लाज कसली त्यात."

लाज कसली! पण मान वर करून बोलली नाही. बुपे आतून ऐकत होती. बाहेर आलीच नाही पोर.

१० जून

मुसेंगाला सांगितलं. चिडेल म्हणून तयारीने गेलो होतो. चिडला नाही. टायरवर बसला, टोपी काढली. "बायकोसाठी जातोयस, जा. मी असतो तर मीही गेलो असतो. काही झालं तर फोन कर — माझा माणूस नसलास तरी कर." चिडला असता तर बरं झालं असतं.

१ जुलै

पिवळी गाडी. पिवळा शर्ट. कार्यालयातल्या मुबिताबाईंनी कार्ड दिलं, एस्नातच्या नावाचं. खिशात ठेवलं, चारदा काढून पाहिलं. सीट अशी मऊ की पाठीला पटत नाही.

२२ जुलै

एस्नातला लुसाकात तपासलं. कार्ड दाखवलं आणि खुर्ची दिली म्हणे बसायला! ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरातली. नव्या गोळ्यांनी सूज उतरली. फोनवर गाणं गुणगुणत होती. किती दिवसांनी!

बरोबर केलं मी. बरोबरच केलं.

९ ऑगस्ट

कॅमेऱ्याने जांभई पकडली. दंड.

३ सप्टेंबर, नाकोंडे

लाइन. गरम वारा, धूळ दातांत. जेरे माझ्या मागे आठ-दहा गाड्यांवर. पण भेट नाही. भरली गाडी, उतरायचं नाही, शेजारी उभं राहून पाय मोकळे करायचे तेवढेच. मुसेंगाच्या काळात याच लाइनीत दिवस दिवस गप्पा मारल्या. आता फोनवर शिव्या.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"डावा ना? तो मुसेंगाकडेच विसरलो वाटतं. इकडे आल्यापासून सापडत नाही."

४ सप्टेंबर

संध्याकाळी, शेगडीवर पाणी ठेवलं होतं, जेरेचा फोन.

"माकडखाऊ, ये लवकर. बूट घेऊन जा. मी मरतोय."

"पॉलिश कर आधी," मी म्हटलं. "तसले धुळकट मी घेत नाही."

"केलंय."

"घशात उंदराचं हाड अडकलं असेल. पाणी पी."

हसला. खोकला. "येतोस ना रे?"

"येतो की, पेटीवर बसायला. त्याच्याआधी गाडी सोडली तर पिवळीवाले मलाच पेटीत घालतील." पुन्हा हसला. फोन ठेवला. मी न्शिमा खाल्ला.

५ सप्टेंबर

जेरे गेला.

५ सप्टेंबर, दुपारी

सकाळी लाइन हलली, जेरेची गाडी हलली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी उतरलो — उतरलो शेवटी! — आणि चालत गेलो. दोन मिनिटांचं अंतर नाही ते. दोन मिनिटं!

सीटवर बसलेला. मान खिडकीला टेकलेली. पाय उघडे. बूट काढून, पुसून, समोर काचेशी जोडीने ठेवलेले, टाचा त्याच्याकडे, तोंडं माझ्या गाडीकडे.

कॅमेरा वाजलाच नव्हता.

मी त्याच्याशी बोललो. काय बोललो आठवत नाही. शिव्याच दिल्या असतील. दुसरं काही बोलायची सवयच नाही आम्हाला. हाक मारत होता रे तो मला. "येतोस ना" म्हणाला तेव्हा आवाज वेगळा होता. मला कळलं होतं का? गाडी सोडायची नव्हती म्हणून मी ते चेष्टेत घेतलं का? या पानाला तरी खोटं सांगू नये. मला माहीत नाही.

६ सप्टेंबर

मुबिताबाईंना फोन केला. चिपाटाला, जेरेच्या गावी, माती आहे, सुट्टी द्या, बदली ड्रायव्हर पाठवा.

"मयत तुमचे कोण?"

"चेष्टेतला भाऊ. तो न्गोनी, मी बेम्बा."

इथल्याच आहेत, कळत नाही असं नाही. "कबासो, मला समजतं हो. माझ्या वडिलांच्या वेळी तसे लोक आले होते. पण आई, बाप, बायको, मूल — एवढंच चालतं. आणि तेही गाडी रिकामी असेल तर. सोडून गेलात तर कार्ड मी थांबवू शकणार नाही." आवाज पडला होता त्यांचा.

ऑक्टोबरची तारीख. एस्नातचं गाणं.

जेरेची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने पुढे घेतली. मधल्यांनी वाट दिली, आता ती माझ्या बरोबर मागे आहे. आरशात दिसते.

७ सप्टेंबर

जेरेच्या बायकोचा, टिसाउकेचा फोन. रडत नव्हती. "दादा, तुम्ही कधी पोचताय? पेटीवर बसायला कोणी नाही. सगळे नुसते रडतायत." काय सांगणार? म्हटलं, बघतो. बघतो! थू माझ्या तोंडाला.

मग एस्नातला सगळं सांगितलं, जेरेच्या शेवटच्या फोनचंही.

"मीही बेम्बाच ना?" म्हणाली.

"तू? जिना चढवत नाही तुला."

"पेटीवर बसायचंच तर आहे. बसता येतं मला."

मी नको म्हटलं, ओरडलो. तिने मुसेंगाला फोन केला असणार, कारण तासाभरात म्हाताऱ्याचा मला फोन — "जेरे माझाही ड्रायव्हर होता. मी निघालोच आहे गाडी घेऊन, एस्नातला बरोबर नेतो. सावकाश चालवीन. तू डोकं फिरवू नकोस." पिठाची गोणी घेतली का, मी विचारलं. "दोन घेतल्या," म्हणाला.

९ सप्टेंबर

बुपेने कोणाच्या तरी फोनवरून आलेलं चित्रण पाठवलं. कॅमेऱ्यासमोर पाहत होतो, पाहू दे त्याला.

एस्नात पेटीवर बसली आहे, हिरवा चितेंगे नेसून, धापा टाकत. "उठा म्हणू नका मला!" ओरडतेय. "या उंदीरखाऊने माझ्या नवऱ्याला बूट कबूल केलेत. बूट द्या, नाहीतर मीच आत झोपते आणि याला बाहेर काढते!" आधी कोणी हसत नाही. मग एक म्हातारी. मग टिसाउके, तोंडाला पदर लावून, मग सगळं अंगण. एक माणूस बूट आणून देतो. एस्नात एक कानाला लावते, फोनसारखा. "हॅलो जेरे, लाइन हलली रे, निघ आता."

मी हसलो. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्याने रडलो. कॅमेरा किटकिटला. वाज, म्हटलं, आता वाज!

११ सप्टेंबर

सरहद्दीच्या फाटकापुढे फक्त तीन गाड्या. उद्या पलीकडे.

१२ सप्टेंबर

सकाळी एस्नातचा फोन, किट्वेहून. "बूट दाराशी ठेवलेत. तुम्हाला मोठे होतील. आणि ऐका ना — मी काही आज वाचत नाही वाटतं." आणि हसली.

चेष्टा की खरं, विचारलं नाही. किल्ली सीटवर ठेवली, कॅमेऱ्याला सांगितलं, बायकोने बोलावलंय, मी चाललो. कार्ड तिच्याकडे आहे, बंद झालं असेल एव्हाना. मुसेंगाला फोन केला, तो घरी पोचतोय तिच्याजवळ. किट्वेच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय.