गाळलेल्या दिवसाचं ओझं

१० अकबाल
साकतुनला पोचलो आणि जीव भांड्यात पडला. घर ऐसपैस आहे, दारात सीताफळ. जुना दिनगणक वारला, म्हणून राजाने मला बोलावलं. इशकुकचे, माझ्या बायकोचे, दिवस भरत आलेत. शेजारची सुईण इशतोह भलतीच फटकळ. माझी शाईने माखलेली बोटं बघून म्हणाली, "साऱ्या गावाचे दिवस मोजशील रे, पण बायकोचे मोजलेस का?" मी खूप हसलो.

१२ चिकचान
मोजले. वर्षअखेरचे पाच करंटे दिवस तोंडावर आलेत आणि बाळंतपण नेमकं त्यांतच येतंय. त्या दिवसांत जन्मलेल्याला जन्मभर कुणी दारात उभं करत नाही. अकबाल, चिकचान, प्रत्येक दिवस हा देवच. कपाळाला पट्टा लावून पाठीवर काळाचं ओझं आणतो आणि जाताना पुढच्या दिवसाच्या पाठीवर देतो. या पाचांचं ओझं मात्र कुणालाच नको असतं. इशकुक रडते, म्हणते, अहो, काहीतरी करा.

१ मानिक
करंटे दिवस लागले. चुली विझल्या, दारं बंद. अंघोळ नाही, केस विंचरायचे नाहीत. नव्या वर्षाचा ढोल मी वाजवेपर्यंत कुणी उंबरा ओलांडत नाही.

४ ओक
कळा सुरू झाल्या. इशतोह म्हणते, उद्या दुपारपर्यंत होईल. उद्या चुवेन, शेवटचा करंटा दिवस. एकाच दिवसासाठी माझ्या लेकराचा जन्म नासणार! मी तसं होऊ देणार नाही.

६ एब
उजाडताच ढोल बडवला. चुवेन गाळला. लोक न्हाऊन बाहेर आले, चुली पेटल्या, कुणाला संशय नाही. दुपारी मुलगी झाली. इशतोहने मला बाजूला ओढलं. "गाढवा, बोटांवर मोजता मलाही येतं. दारात आलेल्या दिवसाला दार लावलंस. तो ओझं कुठं टाकणार?"

मुलीच्या कपाळावर आडवा वळ आहे. जन्मताना उठला असेल.

७ बेन
वळ खोल गेलाय. पोर रडत नाही, नुसती कण्हते. इशकुकला ती उचलवेना. मलाही दोन्ही हात लावावे लागले.

८ ईश
भर दुपारी अंगणात कुणीतरी वाकून उभा. पाठ रिकामी. ओळखलं, हा चुवेन. मी हात जोडले, म्हटलं, तुझं ओझं घेऊन जा. म्हणाला, मला बोलावलंच नाहीस, मग मी का उचलू?

झोळी तुटली. मुलगी जमिनीवर — खालची माती खचतेय —

इशतोह म्हणते, गाळला त्यानेच वाहावं.

५ चुवेन
हो, हीच तारीख; गाळलेला दिवस आज पाळतोय. ओझ्याचा पट्टा माझ्या कपाळाला बांधला. मुलगी रडली! मोठ्याने रडली. इशकुकने तिला एका हाताने उचललं. हलकी आहे म्हणते, हसते —

मान वर होत नाही. चल म्हणतो तो — चालतोय — बोरू हातात —

संध्याकाळ झाली. ओझं उतरवून घ्यायला कुणी नाही. घेणार तो पुढचा दिवस, एब. आणि एबला तर मी आधीच ढोल बडवून बोलावलं, तो येऊन गेलाही —