वासाला कुलूप

८ जानेवारी २००६
आलो एकदाचा! पौडच्या अलीकडे, वास घालवणारा फवारा करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. आम्हा सोलापूरकरांना इथली थंडी म्हणजे चैनच. खोली गोजराबाईंच्या घरात, गोठ्याला लागून. शेणाचा वास थेट उशाशी. घरात त्या आणि लेक रजनी, मायलेकीच. रजनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि गायही गाभण. आधी कोण, यावरून रोज थट्टा चालते.

१५ जानेवारी
आमच्या प्रमुख मेधाताईंनी काम समजावलं. नाकातल्या पेशींवर जणू कुलपं असतात. वासाच्या कणाची किल्ली फिरली की पेशीच्या आत निरोप निघतो, तो मेंदूला पोचतो. आमचं रसायन कुलपात आधीच जाऊन बसतं, मग निरोपच निघत नाही. थोड्या वेळानं आपोआप सुटतं म्हणे. नमुन्याची बाटली आणून गोठ्यात मारली. काय झोप लागली!

२२ जानेवारी
रजनीला मुलगी झाली. बारशाला पुण्याचे व्याही येणार, त्यांना शेणाचा वास खपत नाही. गोजराबाई म्हणाल्या, "आरं, समद्या घरात मार की. लई बेस औषध हाय." मीही फुशारून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मारलं. फुकटची वाहवा कोणाला नको?

२६ जानेवारी
गाय व्याली. वासराला हुंगलं आणि मान फिरवली. गोजराबाईंनी वासराच्या अंगाला मीठ चोळलं. मिठाच्या ओढीनं गाय चाटते, चाटता चाटता ओळखते. चाटलंही तिनं. मग लाथ घातली. संध्याकाळी वासरू गेलं. मला भलतीच शंका येते आहे.

२८ जानेवारी
बाटली फेकली, घर धुतलं. रजनीच्या शेगडीवर ओवा टाकला. धुरानं डोळे चुरचुरले, पण वास कोणालाच नाही. बाळ अंगावर पीत नाही. मेधाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांनाही कसलाच वास येत नाही, आणि बसलेलं कुलूप उघडायला त्यांच्याकडे काही नाही.

३० जानेवारी
रजनी बाळाला हुंगते आणि खाली ठेवते. "माझं न्हाई ह्ये." डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, बाळंतिणीचं मन हळवं असतं. आज गोजराबाईही म्हणाल्या, व्हय, आपलं न्हाई. भीती वाटते. सगळं माझ्यामुळे.

३१ जानेवारी
रजनीनं बाळ गोठ्यात ठेवलं — गाईच्या पायाशी. मी उचलून माझ्या खोलीत आणलं. दाराला कडी. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजतो आहे. आता कसलं बारसं, बिचारीला नावही नाही.

१ फेब्रुवारी
दाराबाहेर दोघी. ओरडत नाहीत. नुसतं विचारतात, आत काय हाय. मी टाळू हुंगली — काही नाही. ही रजनीची मुलगी. रजनीची. विसरायचं नाही. टाळूला मीठ चोळलं — चाटलं —

२ फेब्रुवारी
तोंड खारट. मांडीवर काहीतरी रडतंय. कोणाचं हे, माझ्या खोलीत कोणी आणून — खाली ठेवलं. तरी रडतंय. उठून उभा राहिलो. माझा पाय —