भाऊंची जांभई

भाऊ,

त्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी यावलहून, सासरहून माहेरी आले, तेव्हा लेकीच्या गाडीसाठी तुम्ही नरडाण्याच्या फलाटावर हिरवा बावटा घेऊन उभे होतात. गाल काळवंडलेला, पण जखम भरलेली. मुंबईला गालात रेडियमच्या सुया टोचून घेतल्या त्याला वर्ष होत आलं होतं. तंबाखूनं झालेला कॅन्सर गेला, असं स्टेशनमास्तरांपासून पाणक्यापर्यंत सगळे सांगत होते. लढाईच्या दिवसांत साखर मिळत नव्हती, तरी तुम्ही परतलात तेव्हा आईनं रेल्वेच्या साऱ्या चाळीत पेढे वाटले होते. मी त्याच आनंदात गाडीतून उतरले. तुम्ही ओठ मिटूनच हसलात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तुम्ही तसेही कमी हसणारे.

दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होता. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. मी वाढायला वाकले आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला जांभई आली. ती मला अजून दिसते. नाकपुड्या फुगताहेत, गळ्याच्या शिरा ताणल्या जाताहेत, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि तोंड मात्र बंदच. दातांमध्ये करंगळीही जाणार नाही एवढीच फट. सगळं अंग हादरलं आणि जांभई आतल्या आत जिरली. माझ्या हातातलं रसाचं पातेलं खाली पडलं.

"भाऊ, तोंड उघडा ना!"

"उघडंच शे," तुम्ही दातांआडून म्हणालात. "यान्हापेक्षा जास्त उघडस नै." आणि पोळीचा रसात भिजवलेला तुकडा त्या फटीतून बोटानं आत ढकललात.

आई माझ्याकडे न बघता जमीन पुसत राहिली. "दिवाळीपाइन असंच चाली राह्यनं," एवढंच म्हणाली. दिवाळीपासून! आणि मला कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच, रोग परत आला. दुसऱ्या दिवशी मोटारीनं आपण धुळ्याला गेलो, देवपुरातल्या डॉक्टरांकडे. बॅटरी लावूनही त्यांना आतलं दिसेना. ते बराच वेळ गाल बाहेरून चाचपत राहिले. मग म्हणाले, "गाठ कुठंच लागत नाही. रोग परतलेला नाही." आईला रडू फुटलं, तिनं हात जोडले. मी विचारलं, "मग तोंड?"

"रेडियमनं रोग जाळला, आणि त्याबरोबर गालाचं मांस, जबड्याचे स्नायू आवळून कडक झाले. ज्यानं बरं केलं, त्यानंच हे केलं, बाई."

रोग परतला म्हणाले असते तर ते ऐकायची तयारी करून गेले होते. हे कुठं ठेवावं तेच मला कळेना. त्यांनी चपट्या लाकडी पट्ट्या दिल्या. रोज दातांत सरकवा, हळूहळू एकेक वाढवा म्हणाले, पण उशीर झालाय, फार आशा धरू नका. तेव्हा तुम्ही पुढच्या दातांवर बोट ठेवलंत.

"ह्या दोन काढी टाका."

"अहो, चांगले दात आहेत!"

"चांगलाच शेतस. पण माले भूक लागस."

दात काढताना तुमचं डोकं मी धरलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडायलाही तोंड उघडावं लागतं, हे मला तिथं, त्या खुर्चीमागं उभी असताना कळलं. नाकातून नुसता एक आवाज आला. बशीत ते दोन धडधाकट, कीड नसलेले दात पडले होते.

नंतर तुम्ही त्या खिंडारातून वरण प्यायचात, दुधात कुस्करलेली भाकर खायचात. रुळांचे सांधे बदलायच्या जागी, गाडीची वाट पाहताना, दातांत पट्ट्या सरकवून बसायचात. दोन पट्ट्यांपुरतं तोंड जास्त उघडलं आणि तिथंच अडलं. नोकरी सुटली नाही. माझ्या मुलाला तुम्ही मांडीवर घेतलंत. पुढं काही वर्षांनी हिवतापानं गेलात, आणि गाल शेवटपर्यंत साफ होता.

सुया टोचल्या नसत्या तर ती आखाजी तुम्हाला दिसली नसती, हे मला कळतं. कळतं, आणि तरी इतक्या वर्षांनी लिहितानाही राग जात नाही. रागवायला कुणी सापडत नाही. हे मी तुमच्याशी कधी बोलले नाही, आता हा कागद कुठल्या टपालात टाकू? लुगड्यांच्या घडीत राहू दे. आणि खरं सांगू, भाऊ? कुणी तुमच्याबद्दल विचारलं, की मी अजून म्हणते, आमचे भाऊ मुंबईला जाऊन बरे झाले होते. आणि लगेच दुसरा विषय काढते.