तुम्ही उकळलेला कोट

डॉक्टर, तुम्ही गेलात त्याला पन्नास वर्षं होत आली. मी आता सिल्व्हर पार्कमध्ये मुलाकडे असते. काल नात मेडिकल कॉलेजातून आली, पांढरा कोट खुर्चीवर भिरकावला आणि तोच घालून नाक्यावर वडापाव खाल्ल्याचं हसत सांगितलं. मी ओरडले. ती म्हणाली, "आजी, सोड ना! आमचे सर तर म्हणतात, या कोटाच्या बाह्यांवरच सगळे जंतू बसतात." हल्ली भांडायलाही त्राण लागतं. पण तुमची आठवण आली ती काही जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

मी भाईंदरला तुमच्या दवाखान्यात आले तेव्हा बावीस वर्षांची होते, मुंबईच्या इस्पितळात सुईणीचं काम शिकलेली. तुमचा तो काळा, आल्पाकाच्या लोकरीचा कोट मला पहिल्या दिवसापासून खुपायचा. कॉलर तेलकट होऊन चकाकायची आणि बाह्यांवर कसकसले डाग वाळलेले असायचे. तुम्हाला त्याचा अभिमान होता. सांगायचात, तुमच्या गुरूंचे गुरू विलायतेत काळ्या कोटातच शस्त्रक्रिया करायचे, आणि ज्याचा कोट रक्ताने जास्त कडक झालेला, तो मोठा सर्जन. आम्हाला उलटं शिकवलेलं, की कोट पांढरा अशासाठी की घाण दडून राहू नये. पहिल्या दिवाळीला मी ड्रिलचं जाड कापड आणून तुमच्यासाठी कोट शिवला. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात. "पोरी, पांढरं कापड आपल्याकडे मयताला आणतात. हे घालून आजाऱ्याच्या दारात उभा राहू?" असं म्हणून कपाटात ठेवून दिलात.

मग राई गावातला तो दिवस. मिठागरातल्या एका मजुराच्या पायाचं गळू तुम्ही नुकतंच फोडलेलं, आणि दारात बैलगाडी येऊन उभी. गाडीवाला म्हणतोय, बायको सकाळपासून अडलीय, गावच्या सुईणीने हात टेकलेत. आपण तसेच निघतो. भर दुपार, दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, डोळे उघडवत नाहीत. घरात शिरताना मला तुमच्या उजव्या बाहीवर ओला पिवळा डाग दिसतो. मी हळूच म्हणते, "साहेब, कोट काढता का?" तुम्ही सगळ्यांसमोर फटकारता, "तू मला शिकवू नकोस. पाणी आण!" मी पाणी आणते. मूल आडवं होतं. तुम्ही ते ज्या कौशल्याने फिरवलंत, तसं मी पुढे मोठ्या इस्पितळातही क्वचितच पाहिलं. मुलगी झाली, रडली. बाईने तिच्याकडे पाहून मला विचारलं, "धड हाय ना गो?" मी म्हटलं, धड आहे.

तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. तुम्ही रोज जात होतात, दोनदा तर चालत गेलात. सातव्या दिवशी ती गेली. तिचा नवरा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. तुमच्याकडे त्याने पाहिलंही नाही, मला विचारलं, "बाय, आमचं काय चुकलं? सांगितलं ते समदं केलं. काय ऱ्हायलं न्हाय ना?" मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. देवाची मर्जी." तुम्ही आत पाठमोरे उभे होतात.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तुमच्या अंगावर मी शिवलेला कोट होता. आपण त्यावर एक शब्द बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पोरं तुम्हाला पाहून रडायची. चौक गावाहून येणारी म्हातारी कोळीण म्हणाली, "पाद्री झालास काय रं डॉक्टर?" तुम्ही हसलात, पण तो चढवलेला कोट उतरवला नाहीत. रोज संध्याकाळी पातेल्यात सोडा टाकून तो स्वतः उकळायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. महायुद्धाच्या दिवसांत कापडाला रेशन लागलं तेव्हा विरलेल्या बाह्यांना मी ठिगळं लावली, तीही तुम्ही उकळत राहिलात. तुमची बोटं सोड्याने फाटलेली असायची. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, असा स्वच्छ डॉक्टर या भागात झाला नाही. मीही मान हलवली.

मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्या सगळ्या पोरींना तुमच्या काळ्या बाहीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. बाहीवरचा पू आणि सातव्या दिवसाचं मरण. त्या घाबरून हात धुवायच्या. पण गोष्टीतलं एक मी कधीच सांगितलं नाही. गळू फोडताना त्या मजुराचा पाय मी धरला होता. आणि राईला मूल झाल्यावर वार अडकली, तेव्हा ती काढायला आत हात मी घातला होता, तुम्ही नाही. मधे मी हात धुतले असतील. गरम पाणी संपलेलं होतं, तेवढं आठवतं. साबण लावला की नाही, ते आठवत नाही. किती वेळा डोळे मिटून ती खोली आठवून पाहिली, तरी नाही आठवत.

तुम्हाला हे विचारता आलं असतं. तुम्ही तिथेच होतात, तुम्ही पाहिलं असेल. सात वर्षं आपण एका खोलीत काम केलं आणि मी विचारलं नाही. तुम्ही सगळं तुमच्या कोटावर घेतलंत, आणि मी घेऊ दिलं. मला ते बरं पडलं, डॉक्टर.